थवा निघण्याआधीचे तीन आठवडे: मधपेटी कशी वाचायची

माझी पहिली वसाहत फुटली ती फेब्रुवारीतल्या एका स्वच्छ दुपारी, पावणेबाराच्या सुमाराला. आधीचे तीन दिवस ढग होते आणि बोचरा वारा. चौथ्या दिवशी ऊन पडलं आणि ग्वाल्हेरजवळच्या बानमोरच्या पुढच्या शेतात ठेवलेल्या आठ पेट्यांपैकी सगळ्यात जोमदार पेटीच्या दारातून माश्या ओतल्यासारख्या बाहेर पडू लागल्या. पोत्याची शिवण उसवल्यावर मोहरी सांडते ना, तशा. दहा मिनिटांत शेतावरची हवा भरून गेली. मग त्या बांधावरच्या बाभळीला घोसासारख्या लटकल्या. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घरून रिकामी पेटी घेऊन परत येईपर्यंत फांदी मोकळी झाली होती.

संध्याकाळी ती पेटी उघडली. चौकटींच्या खालच्या कडेला अकरा राणीघरं (नवी राणी वाढवायची मेणाची घरं) होती, त्यातली दोन बंद झालेली. पाच दिवसांपूर्वीच मी हीच पेटी तपासली होती. तेव्हाही ती तिथेच असणार. पण मी चौकटी अर्ध्याच वर उचलून मध किती भरला एवढंच पाहिलं होतं. खालची कड पाहायची असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्याने पेट्या घेणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. थवा एका दुपारी निघतो, पण त्याची तयारी पेटीत तीन-चार आठवडे चाललेली असते आणि प्रत्येक टप्प्याची खूण उघड्या डोळ्यांनी दिसते. खुणांचा क्रम ठाऊक असेल तर माश्या पोत्यात भरायला धावावं लागत नाही.

आधी दोन शब्द नीट समजून घ्या

ग्वाल्हेर–मुरैना पट्ट्यातले मधमाशीपालक हिंदीत दोन वेगळे शब्द वापरतात: बकछूट आणि घरछूट. आपण मराठीत दोन्हीला ‘माश्या उडाल्या’ म्हणून मोकळे होतो आणि तिथेच घोटाळा होतो. बकछूट म्हणजे थवा निघणं. जुनी राणी अर्ध्याहून अधिक माश्या घेऊन जाते, मागे पिल्लं, मध आणि नव्या राण्यांची घरं ठेवून. ते वसाहतीचं पुनरुत्पादन आहे. घरछूट म्हणजे सगळीच्या सगळी वसाहत पेटी सोडून जाणं. उपासमार, मुंग्या, मेणकिडा, उन्हाचा तडाखा अशी कारणं असतात. घरछूट दुबळ्या पेटीची, बकछूट भरलेल्या पेटीची. दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या अगदी उलट आहेत.

इथे लिहिलेलं सगळं दहा चौकटींच्या लँगस्ट्रॉथ पेटीतल्या (चौकटी उचलून काढता येतात अशी लाकडी पेटी) मेलिफेरा माश्यांबद्दल आहे, कारण सरसोंच्या (मोहरीच्या) पट्ट्यात बहुतेकांकडे त्याच असतात. ही माशी मूळची आपली नव्हे. १९६२ साली हिमाचलातल्या नगरोट्यात ती यशस्वीपणे रुजली आणि तिथून पंजाबमार्गे मैदानी भागात पसरली. आपली देशी सातेरी माशी थव्याच्या बाबतीत हाच क्रम पाळते, फक्त ती जास्त वेळा फुटते आणि घरछूटही लवकर करते.

जवळ काय हवं

तोंडावर जाळीची टोपी, धुराडं, पटाशी, मऊ ब्रश. एक पूर्ण रिकामी पेटी: तळपाट, चौकटी, झाकण सगळं जागेवर, आणि तीही शेतातच ठेवलेली. माझी घरी होती म्हणून काय झालं ते वर लिहिलंच आहे. दोन-तीन बांधलेली जुनी पोळी, मेणपत्रे लावलेल्या काही चौकटी, राणीजाळी (कामकरी माश्या जातात, राणी अडते अशी जाळी), पाण्याची फवारणीची बाटली, खाली अंथरायला पांढरी चादर, साखर. चाळिशी लागली असेल तर वाचायचा चष्मा विसरू नका, अंडं दिसणं न दिसणं त्यावर ठरतं.

आणि एक वही. प्रत्येक पेटीला एक पान: राणी कोणत्या वर्षाची, शेवटची तपासणी कधी, पिल्लांच्या चौकटी किती, मध कधी काढला, खालच्या कडेला काय दिसलं. शेतात बसूनच लिहा. घरी येईपर्यंत चार नंबरची पेटी सहा नंबरची होते.

१. डिसेंबरातच राणीचं वय लिहून ठेवा

जुन्या राणीची वसाहत नव्या राणीच्या वसाहतीपेक्षा लवकर फुटते. राणीच्या अंगाचा गंध कामकरी माश्या तिला चाटून, एकमेकींना अन्न देताना पेटीभर पसरवतात. तो गंध पुरेसा मिळतो तोवर नवी राणी घडवण्याची ओढ दबून राहते. राणी म्हातारी झाली की गंध कमी, आणि पेटीत गर्दी झाली की आहे तोही कडेच्या चौकटींपर्यंत पोहोचत नाही. सरसों फुलते तेव्हा बहुतेक पेट्यांत ही दोन्ही कारणं एकत्र येतात.

राणीच्या पाठीवर रंगाचा ठिपका असेल तर वय ओळखणं सोपं. जगभर एकच पद्धत आहे: वर्षाचा शेवटचा आकडा १ किंवा ६ असेल तर पांढरा, २ किंवा ७ पिवळा, ३ किंवा ८ लाल, ४ किंवा ९ हिरवा, ५ किंवा ० निळा. पेट्या विकत घेताना विकणाऱ्याला राणी कोणत्या वर्षाची हे विचाराच. उत्तर मिळालं नाही तर वहीत ‘जुनी’ असं लिहा आणि त्या पेटीवर जास्त लक्ष ठेवा.

२. नर कधी वाढू लागले ते बघा

नराची घरं कामकरी घरांपेक्षा मोठी, पोळ्याच्या खालच्या कोपऱ्यांत जास्त, आणि त्यांची झाकणं फुगीर. अंड्यापासून नर बाहेर यायला २४ दिवस लागतात, आणि मिलनाला तयार व्हायला त्यानंतर आणखी साधारण बारा. राणी मात्र १६ दिवसांत बाहेर पडते. म्हणून नव्या राण्यांच्या वेळी नर तयार असायचे तर वसाहतीला त्यांची सुरुवात आधीच करावी लागते.

जानेवारीच्या उत्तरार्धात फुगीर झाकणांचे पट्टे दिसू लागले की तारीख लिहा. एवढंच. नर दिसले म्हणून घाबरून ती पोळी कापायला घेऊ नका. नर म्हणजे वसाहत सुखात आहे आणि हंगाम सुरू झाला आहे.

३. गर्दी मोजायची ती पिल्लांच्या जागेवरून

नवखे लोक पेटीत माश्या किती एवढंच बघतात. त्यापेक्षा मोलाचा प्रश्न असा: राणीला अंडं घालायला रिकामं घर उरलं आहे का?

पिल्लांची मधली चौकट उचला. निरोगी चौकटीत मधोमध पिल्लं, त्यांच्याभोवती परागकणांची कमान, वरच्या कोपऱ्यांत मध. थव्याकडे झुकलेल्या वसाहतीत नुकतीच पिल्लं बाहेर पडलेली मधली घरंसुद्धा पातळ मधुरसाने चमकताना दिसतात. राणी तिथे फिरते आणि जागा न मिळाल्याने पुढे जाते. चौकट आडवी करून हलकेच झटकली तर त्या घरांतून रस थेंब थेंब सांडतो. ही खूण राणीघरांच्या वाट्या दिसण्याच्या बरीच आधी मिळते, म्हणून मला ती सगळ्यात मौल्यवान वाटते.

आपल्या भागात यात एक खास भर पडते. सरसोंचा मध फार लवकर साकळतो, कारण त्यात ग्लुकोजचं प्रमाण जास्त असतं. काढायला उशीर झाला तर तो पोळ्यातच दाणेदार, साजूक तुपासारखा घट्ट होतो आणि मग यंत्रात फिरवूनही निघत नाही. अशी दोन-तीन पोळी पिल्लांच्या कोठीत अडकली की राणीची जागा कायमची गेली. त्यामुळे दोन तृतीयांश घरांवर मेणाची झाकणं आली की मध काढा. ‘अजून आठवडाभर राहू दे, वजन वाढेल’ हा मोह महागात पडतो.

जागा करून देण्याची वेळ हीच. वर मधकोठी, म्हणजे मधासाठीचा वरचा मजला, चढवा. कडेची मधाने भरलेली चौकट काढून बांधलेलं रिकामं पोळं द्या. मेणपत्र्याची चौकट मधे सरकवायची तर एका वेळी एकच. ग्वाल्हेरच्या फेब्रुवारीत दुपार उबदार असते, पण पहाट अजून गारच असते, आणि पिल्लांची फळी मधून दुभंगली तर कडेची पिल्लं गारठतात.

एक सापळा: वर मधकोठी दिली म्हणजे काम झालं असं समजू नका. खाली राणीजाळी आहे, राणी वर जाऊ शकत नाही, आणि खालची घरं मधाने भरलेली आहेत. अशा पेटीत वर दहा रिकाम्या चौकटी असूनही राणी कोंडलेलीच असते.

४. वाट्या बघा, आणि वाटीत डोकावा

हा लेखाचा गाभा आहे, सावकाश वाचा.

राणीघराची सुरुवात छोट्या, उपड्या मेणाच्या वाटीने होते. आकार साधारण हरभऱ्याएवढा, तोंड खाली. भरलेल्या पेटीत अशा रिकाम्या वाट्या जवळजवळ नेहमी चार-दोन असतातच. माश्या त्या बांधतात, मोडतात, पुन्हा बांधतात. रिकामी, जाड काठाची, मळकट वाटी दिसली तर काळजीचं काही नाही.

काळजी सुरू होते ती वाटी सजू लागल्यावर. काठाला नवं, पांढुरकं, पातळ मेण येतं. आतला भाग चाटून चाटून गुळगुळीत केलेला असतो. मग एक दिवस तळाशी अंडं उभं दिसतं, तांदळाच्या कणीहूनही बारीक. ते पाहायला चौकट उलटी धरावी लागते: सूर्याकडे पाठ करायची, उन्हाची तिरीप खांद्यावरून थेट वाटीत पडू द्यायची, आणि श्वास रोखून बघायचं. माश्या वाटीवर बसलेल्या असतील तर बोटाच्या मागच्या बाजूने अलगद बाजूला सारा, फुंकर मारू नका. उच्छ्वासाने त्या चिडतात.

अंडं दिसलं की दिवस मोजायला लागा. तिसऱ्या दिवशी अळी निघते. पुढचे पाच-सहा दिवस ती दुधाळ राजान्नात (राणीच्या अळीच्या खास खाद्यात) तरंगत वाढते आणि वाटी लांबत लांबत भुईमुगाच्या शेंगेसारखी खाली लोंबू लागते. आठव्या-नवव्या दिवशी घर बंद होतं. सोळाव्या दिवशी राणी बाहेर येते.

जुन्या राणीसह पहिला थवा सहसा पहिलं राणीघर बंद झालं की निघतो, म्हणजे अंड्यापासून आठव्या-नवव्या दिवसाच्या सुमाराला. पाऊस किंवा थंडी आली तर लांबतो आणि ऊन पडताच निघतो. म्हणूनच हंगामात तपासणी दर सात दिवसांनी. हिशोब सोपा आहे: या रविवारी एकाही वाटीत अंडं नसेल, तर पुढच्या रविवारी सगळ्यात पुढचं राणीघरही सात दिवसांचंच असेल, अजून उघडं. दहा दिवसांनी गेलात तर थवा तुमच्या आधी गेलेला असू शकतो. काही वसाहती घर बंद व्हायची वाट न पाहताही निघतात, पण सात दिवसांचा नेम पाळणाऱ्याच्या हातून थवा सुटणं विरळा.

राणीघर कुठे आहे आणि किती आहेत, यावरून वसाहतीच्या मनात काय आहे ते कळतं. थव्याची राणीघरं पोळ्याच्या खालच्या आणि बाजूच्या कडांवर, संख्येने बरीच, आणि वेगवेगळ्या वयांची. एक-दोन किंवा तीनच, पोळ्याच्या मधल्या भागात, जवळपास एकाच वयाची असतील तर माश्या थकलेली राणी बदलत आहेत. त्याला हात लावू नका, त्या तुमचंच काम करत आहेत. आणि पोळ्याच्या मधोमध, साध्या कामकरी घरालाच ओढूनताणून मोठं केलेली बरीच राणीघरं दिसली तर राणी अचानक गेली आहे. बहुधा मागच्या तपासणीत चौकटीखाली चिरडली. माझ्या हातून हे एकदा झालं आहे, तेव्हापासून चौकट बाहेर काढण्याआधी शेजारची एक चौकट काढून जागा करून घेते.

दोन मजली पेटी असेल तर प्रत्येक चौकट उपसण्याची गरज नाही. वरचा मजला मागच्या कडेवर उचलून तिरपा करा, थोडा धूर द्या आणि खालून कडा बघा. बहुतेक राणीघरं तिथेच लोंबताना दिसतील. ही झटपट पाहणी झाली, शंका आली तर चौकटी काढाव्याच लागतात.

५. राणी बारीक होते, काम मंदावतं

राणीघरात अंडी पडली की कामकरी माश्या राणीला अन्न कमी देऊ लागतात. तिला पकडून अंग थरथरवतात, ढकलतात, एका जागी स्वस्थ बसू देत नाहीत. निघण्याच्या वेळेपर्यंत तिचं वजन जवळपास चौथाईने घटतं, कारण अंड्यांनी भरलेल्या पोटाने तिला उडता येत नाही. चौकटीवर ती दिसली तर फरक जाणवतो: पोट आखूड, चाल भराभर, कधी कधी घाईत नवखी कुमारी राणी वाटावी अशी. अंडीही घटतात. पेटीत अळ्या भरपूर आणि ताजी अंडी जेमतेम, असं दिसलं तर लगेच खालच्या कडा तपासा.

कामकरी माश्यांतही बदल होतो. तरुण माश्यांची संख्या फार झालेली असते, सांभाळायला उघड्या अळ्या कमी होत जातात, आणि त्या पोटात मध भरून पोळ्यावर नुसत्या लटकून राहतात. शेजारच्या पेट्या सरसोंच्या पिवळ्या धुळीने माखून येत-जात असतात, आणि ही सगळ्यात भरलेली पेटी मात्र सुस्त. मुरैन्याच्या ज्या जुन्या पालकाकाकांकडून मी शिकले, ते पेटी न उघडता दारापाशी पाच मिनिटं बसायचे आणि म्हणायचे, “दीदी, ये पेटी काम पे नहीं जा रही, ये कहीं और जाने वाली है।”

६. दारावरची गर्दी: फसू नका

फोनवर मला सगळ्यात जास्त ऐकू येतं ते हेच. माझा दीर शेत सांभाळतो. पहिल्या वर्षी तो दर दोन दिवसांनी सांगायचा, “वहिनी, माश्या दाराबाहेर लोंबकळतायत, थवा निघतोय वाटतं.” बहुतेक वेळा तसं नसायचं. तीन गोष्टी थव्यासारख्या दिसतात:

उकाड्याची दाढी. एप्रिलनंतर संध्याकाळी माश्या आत हवा खेळती राहावी म्हणून दारावर झुपक्याने बसतात. रात्र गार झाली की आत जातात. सावली आणि पाणी द्या.

तरुण माश्यांचा सराव. ऊन असलेल्या दुपारी वीस-पंचवीस मिनिटं दारासमोर माश्या पेटीकडे तोंड करून हिंदोळत उडतात, पेटीची जागा डोळ्यांत साठवतात आणि शांत होतात.

लूट. परक्या माश्या फटींतून आत घुसतात, दारावर झटापट होते, खाली मेलेल्या माश्या पडतात. दार अरुंद करा.

थव्याआधीची दाढी फेब्रुवारी-मार्चमध्ये, फारसा उकाडा नसताना, सकाळपासून दिसते. तिच्यासोबत वरच्या खुणा असतात: सुस्ती, बारीक राणी, बंद होत आलेली राणीघरं. नुसत्या दाढीवरून निर्णय घेऊ नका, पेटी उघडा.

अजून एक बारीक खूण. निघण्याच्या आधीच्या दिवसांत शोधक माश्या रिकाम्या पेट्या, भिंतीतली भोकं, झाडांच्या ढोली हुंगत फिरतात. माझ्या लष्करातल्या घराच्या गच्चीवरही दोन पेट्या असतात. एका वर्षी जिन्याखालच्या रिकाम्या पेटीच्या दारावर दहा-पंधरा माश्या सतत आत-बाहेर करताना दिसल्या. लूट म्हणावी तर आत मध नव्हताच. वर जाऊन पेटी उघडली तेव्हा एक राणीघर त्याच दिवशी बंद होत होतं.

या शोधक माश्यांचं गुपित मार्टिन लिंडाउअर या जर्मन संशोधकाला १९४९ साली म्युनिकमध्ये उलगडू लागलं. झुडपावर बसलेल्या थव्यावर नाचणाऱ्या माश्या त्याला काजळीने आणि विटांच्या भुकटीने मळलेल्या दिसल्या. फुलांवरून येणारी माशी अशी मळत नाही. युद्धात पडलेल्या घरांच्या धुराड्यांत आणि भिंतींत त्या नवं घर शोधून आल्या होत्या, आणि नाचून त्याचा पत्ता सांगत होत्या. तुमच्या गच्चीवरच्या थव्यावर चुन्याने पांढरी झालेली माशी दिसली, तर तीही कुठल्यातरी जुन्या भिंतीतून आलेली असते.

अगदी शेवटच्या तासात पेटीतून बारीक, चढता सूर ऐकू येतो. शोधक माश्या बाकीच्यांना अंग तापवायला लावत असतात. मग काही माश्या गर्दीतून वेड्यावाकड्या धावतात, आणि दार फुटतं. वेळ बहुतेकदा सकाळी दहा ते दुपारी दोन-तीनच्या मधली.

७. अंडी असलेल्या वाट्या दिसल्या, आता काय करायचं

पहिला विचार येतो तो सगळी राणीघरं चिरडून टाकण्याचा. मीही तेच केलं होतं आणि सहा दिवसांनी तीच वसाहत निघून गेली. कारण साधं आहे. वसाहतीचं मन एकदा झालं की घरं मोडल्याने ते बदलत नाही. पेटीत एक दिवसाची अळी असतेच, तिच्यापासून नवं राणीघर बांधलं तर ते चार-पाच दिवसांत बंद होतं. म्हणजे तुमचा सात दिवसांचा नेमही अपुरा पडतो. शिवाय एखादं राणीघर माश्यांच्या झुपक्याखाली राहून जातंच.

याहून वाईट चूक म्हणजे थवा आधीच गेलेला असताना राणीघरं मोडणं. मागे राणी नाही, तीन दिवसांच्या आतल्या अळ्या नाहीत, आणि होती ती घरंही तुम्ही मोडलीत. ती वसाहत स्वतःहून सावरू शकत नाही. म्हणून राणीघराला हात लावण्याआधी राणी किंवा उभी अंडी प्रत्यक्ष बघाच.

मी करते ते असं: थवा निघायच्या आत तो स्वतःच काढते.

राणी शोधा. ती ज्या चौकटीवर आहे ती चौकट, तिच्यावरची राणीघरं मोडून, माश्यांसकट नव्या पेटीत ठेवा. बंद पिल्लांची आणखी एक चौकट आणि मध-परागाच्या एक-दोन चौकटी द्या. त्यांच्यावरही एखादं राणीघर राहून गेलं नाही ना, ते बघा. मग उघड्या अळ्यांवरच्या दोन चौकटींच्या माश्या नव्या पेटीत झटकून टाका. याचं कारण, नवी पेटी त्याच शेतात राहिली तर फिरस्त्या माश्या एक-दोन दिवसांत जुन्या जागी परततात आणि नव्या पेटीत फक्त तरुण माश्या उरतात. दार दोन बोटांएवढंच ठेवा, आणि साखर व पाणी समप्रमाणात घेऊन केलेला पाक द्या.

जुन्या पेटीत एकच राणीघर ठेवा. उघडं निवडा, म्हणजे आत पांढऱ्या राजान्नावर गुबगुबीत अळी आहे हे तुम्हाला दिसतं. बंद घरात काय आहे ते कळत नाही. चौकटीच्या वरच्या पट्टीवर त्याच्या सरळ रेषेत खूण करा आणि ती चौकट झटकू नका, आतली अळी निसटते. बाकीची घरं मोडा.

आता बहुतेकांकडून राहणारी पायरी: सहाव्या-सातव्या दिवशी परत या. राणी गेलेली पाहून माश्यांनी उरलेल्या अळ्यांपासून आणखी राणीघरं बांधलेली असतात. ती सगळी शोधून मोडा, खुणेचं तेवढं ठेवा. आता नवं घर बांधता येईल अशी लहान अळी पेटीत उरलेली नसते. ही फेरी चुकवली तर कुमारी राण्यांचे दुसरे-तिसरे थवे निघतात आणि पेटी रिकामी होत जाते. संध्याकाळी पेटीला कान लावल्यावर एक लांब ‘टूऽऽ’ आणि उत्तरादाखल कोंडलेले तुटक ‘क्वाक क्वाक’ ऐकू आले, तर एक कुमारी बाहेर फिरते आहे आणि दुसऱ्या अजून घरांत बंद आहेत.

त्यानंतर तीन आठवडे पेटी उघडू नका. राणी बाहेर येते, पाच-सहा दिवसांत पिकते, उबदार दुपारी मिलनाला उडते आणि दोन-तीन दिवसांनी अंडी घालू लागते. याच काळात उघडझाप केल्याने राण्या गमावणारे बरेच जण मला माहीत आहेत. तीन आठवड्यांनंतरही अंडी दिसली नाहीत तर दुसऱ्या पेटीतली अंड्यांची एक चौकट द्या. त्यावर राणीघरं बांधली तर पेटी राणीविना होती हे कळतं, आणि उपायही झालेला असतो.

दाराला राणीजाळी लावून थवा अडवण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल. ऐकू नका. जाळीत नर अडकून दार तुंबतं, आणि काही दिवसांत आत कुमारी निघाली की जुनी राणी तशीही मारली जाते.

८. तरीही निघालाच तर

घाई करू नका. फांदीवर बसलेल्या थव्याच्या पोटात मध असतो आणि राखायला घर नसतं, त्यामुळे तो सहसा शांत असतो. तो काही तास थांबेल किंवा दोन दिवस, ते शोधक माश्यांना घर कधी पसंत पडतं त्यावर अवलंबून. थाळ्या बडवल्याने थवा खाली उतरताना मी तरी पाहिलेला नाही.

आधी एक खात्री करा: तो मेलिफेराचाच आहे ना? फांदीवर मोठ्या, गडद माश्यांचा मुक्काम असेल तर तो आग्या मोहोळाचा प्रवासी थवा असू शकतो. त्याच्या जवळ जाऊ नका, मुलांना लांब ठेवा, तो आपला आपण जातो.

आपलाच असेल तर खाली चादर अंथरा, थव्यावर पाण्याची हलकी फवारणी करा, पेटी बरोबर खाली धरा आणि फांदीला एकच जोरदार झटका द्या. पेटीत एक जुनं पोळं आणि शक्य असेल तर उघड्या पिल्लांची एक चौकट असू द्या. पिल्लं सोडून त्या सहसा जात नाहीत. झाकण किंचित तिरपं ठेवा. थोड्या वेळात दारावर काही माश्या शेपटी उंच करून पंख मारू लागल्या, म्हणजे राणी आत आहे आणि त्या बाकीच्यांना गंधाने बोलावत आहेत. त्या पुन्हा फांदीकडे जात असतील तर राणी वर राहिली आहे, परत झटका द्या. अंधार पडल्यावर दार बंद करून पेटी जागेवर न्या.

डंख झालाच तर काटा नखाने लगेच खरवडून काढा. अंगभर गांधी, ओठ-घसा सुजणं, दम लागणं यांपैकी काही दिसलं तर एक मिनिटही न घालवता रुग्णालय गाठा.

आणि ज्या पेटीतून थवा निघाला तिला त्याच संध्याकाळी उघडा. तिथे अजून दहा-अकरा राणीघरं लोंबत असतात, आणि आठवड्याभरात त्यातली पहिली कुमारी बाहेर येणार असते. एक चांगलं घर ठेवा, बाकीची मोडा, वहीत तारीख लिहा.